कोंबडीचीं पिलें कां मरतात?

(लालबाग येथील एका चाळींत गांवकरी मंडळींच्या बैठकीपुढें एका शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)



मुंबईंत, त्यांतही लालबागच्या चाळींत, कोंबडीच्या पिलांवर व्याख्यान द्यावयास मास्तर गांवाहून आला आहे, हें ऐकून कित्येकांना हंसूं आलें असेल. हंसा, माझी हरकत नाहीं. परंतु येथें बसलेल्यांपैकीं ज्यांच्या गांवच्या घरीं एकही कोंबडी नाहीं त्यांनीं हात वर करावा. पाहा, एकच हात वर आहे, आणि ते आमचे माळकरी तात्या आहेत. तेव्हां विषय परका नाहीं.

शिमग्याला किंवा मे महिन्यांत तुम्ही गांवीं येतां तेव्हां वडे तळले जातात आणि खुराड्यांतलें एक कोंबडें धरलें जातें. तें कोंबडें कोणीं वाढविलें? तुमच्या आईनें, चुलतीनें, नाहींतर भावजयीनें. शेतीचा पैसा सोसायटीच्या हप्त्यांत जातो, मुंबईहून येणारा पैसा दुकानदाराच्या वहींत जातो. अंड्यांचा आणि कोंबड्यांचा पैसा मात्र घरांतल्या बाईच्या हातांत राहतो. पोराची वही, सुनेच्या बांगड्या, अडीअडचणीला डॉक्टरची फी, हें सारें त्यांतून होतें. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढें या लालबाग-परळांतून गांवाकडे जाणाऱ्या हजारों मनीऑर्डरी थांबल्या. त्या दिवसांत ज्या बायांनीं चूल विझूं दिली नाहीं त्यांत अंडीं विकून मीठमिरची आणणाऱ्या किती होत्या, याचा हिशेब कोणीही लिहून ठेवलेला नाहीं.

म्हैस मेली तर गांव गोळा होतो. पण बारा पिलें निघालीं आणि महिन्यानें चार उरलीं, तर त्याचें कोणाला कांहींच वाटत नाहीं. बाई म्हणते, “नशीब.” शेजारीण म्हणते, “दृष्ट लागली.” आणि गांवांत मर आली कीं दोन उपाय होतात. पहिला उपाय, भगताला नारळ आणि एक धडधाकट कोंबडें देणें. दुसरा, आजारी कोंबड्या रातोरात पाटींत भरून सकाळच्या बाजारीं विकून टाकणें. पहिल्या उपायानें भगताचें जेवण होतें; दुसऱ्या उपायानें रोग पुढच्या गांवाला पोंचतो. पिलूं मात्र दोहोंनीं वांचत नाहीं.

आतां येथून परळ किती दूर आहे? चालत गेलात तरी फारसा घाम येणार नाहीं. त्या परळांत १८८६ सालीं जनावरांच्या डॉक्टरांचें महाविद्यालय निघालें, तें आजही आहे. बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवाचा जनावरांचा दवाखानाही परळांतच आहे. आपले आजे-पणजे भोंगा वाजला कीं त्या बाजूनें गिरणीवर जात. शंभराहून अधिक वर्षें आपण त्या फाटकावरून गेलों, परंतु आंत जें शिकविलें जातें तें आपल्या खुराड्यापर्यंत पुरतें पोंचलें नाहीं. पोंचविणारांनीं आळस केला आणि आपणही विचारावयास गेलों नाहीं. मी डॉक्टर नव्हे. डॉक्टरांना विचारून, पुस्तकें वाचून आणि आमच्या वाडीवरच्या खुराड्यांत डोकावून जें समजलें तेवढेंच सांगतों.

पिलांच्या मरणाचें पहिलें कारण रोग नव्हे, थंडी. कोंबडीच्या अंड्यांतून एकवीस दिवसांनीं पिलूं बाहेर येतें. येण्यापूर्वीं अंड्यांतला उरलेला बलक त्याच्या पोटांत ओढला जातो, आणि त्या शिदोरीवर तें दोन-तीन दिवस काढूं शकतें. म्हणूनच एक दिवसाचीं पिलें खोक्यांत घालून दूरच्या गांवीं पाठवितां येतात. परंतु शिदोरी असली तरी पांघरूण नसतें. अंगावरची ती पिवळी लव दिसायला मऊ, पण ऊब धरायला अपुरी. खरीं पिसें येईपर्यंत, म्हणजे तीन-चार आठवडे, पिलाला आपल्या शरीराची ऊब स्वतः नीट राखतां येत नाहीं. आईच्या पंखाखालीं तें काम आई करते. ज्या पिलांना आई नाहीं त्यांचें काय?

आणि आजकाल आई नसलेलीं पिलेंच अधिक. बंगळूरच्या कृषि विद्यापीठानें काढलेली गिरिराज, हैदराबादच्या संशोधन संस्थेनें काढलेली वनराज, अशा जाती लोक नेतात. त्या अंडीं अधिक देतात, वजनाला भरतात. मात्र त्या कोंबड्या खुडूक होऊन अंड्यांवर फारशा बसत नाहींत. त्यामुळें पिलें विकत आणावीं लागतात, आणि तीं अनाथ येतात. आमच्या भागांत एकदां अशा पिलांचें वाटप झालें. भर श्रावणांत खोकीं उतरलीं. घेणाऱ्यांना कोणीं एक शब्द सांगितला नाहीं. लोकांनीं तीं घरच्या पिलांसारखीं अंगणांत सोडलीं. रात्रीं तीं कोपऱ्यांत एकावर एक चढलीं. वरचीं थंडीनें आणि खालचीं गुदमरून गेलीं. तिसऱ्या दिवशीं खोकें रिकामें. फक्त एका कुंभाराच्या घरीं बहुतेक पिलें जगलीं, कारण त्या माउलीनें त्यांना चुलीमागच्या उबदार जागेंत पुठ्ठ्याचें रिंगण करून ठेवलें होतें. तिनें कोणतेंही पुस्तक वाचलेलें नव्हतें. आपलें तान्हें लेंकरूं आपण कोठें निजवतों एवढाच विचार तिनें केला.

रिंगणच कां, चौकोनी खोकें कां नको, तेंही सांगतों. चौकोनाला कोपरे असतात, आणि गारठलेलीं पिलें कोपऱ्यांत जाऊन चेंगरतात. दीड हात उंचीचा पुठ्ठा किंवा पत्रा गोल उभा करावा. खालीं दोन बोटें भाताचें तूस किंवा लांकडाचा कोरडा भुसा पसरावा. पहिले दोन-तीन दिवस त्यावर कागद घालावा, म्हणजे पिलें भुसा खाणार नाहींत. मधोमध विजेचे दिवे टांगावे. दर पिलामागें दोन वॅट असा ढोबळ हिशेब आहे, म्हणजे पन्नास पिलांना शंभर वॅट. दिवा जुन्या पिवळ्या उजेडाचा हवा; हल्लींचे एलईडी दिवे उजेड देतात, ऊब देत नाहींत, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. पहिल्या आठवड्यांत पिलांच्या पाठीशीं ९५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३५ सेल्सिअस इतकी ऊब हवी. पुढें दर आठवड्याला पांच अंश फॅरनहाइट कमी करीत जावें.

थर्मामीटर नसला तरी अडत नाहीं. पिलें स्वतः सांगतात. दिव्याखालीं गोळा होऊन चिवचिवाट करूं लागलीं, तर त्यांना थंडी वाजते. दिवा खालीं घ्या. दिव्यापासून पळून चोंच उघडून धापा टाकूं लागलीं, तर उकडतें. दिवा वर घ्या. एकाच बाजूला जमलीं, तर दुसऱ्या बाजूनें वारा येत आहे; तेथें गोणपाट लावा. रिंगणभर विखरून निवांत बसलीं, तर आपणही निवांत झोंपावें. वीज गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यांत गुंडाळून मध्यें ठेवाव्या. निखाऱ्यांची शेगडी बंद खोलींत ठेवूं नये. त्या धुरानें पिलेंच काय, माणसेंही झोंपेंत जातात.

घरची कोंबडी बसवितांनाही थोडा विचार करावा. तिच्या पंखाखालीं झांकतील तेवढींच, दहा-बारा अंडीं ठेवावीं. हगवणीनें खंगून बरी झालेल्या कोंबडीचीं अंडीं उबवणीला घेऊं नयेत. पांढऱ्या हगवणीचा एक रोग आईच्या अंड्यांतूनच पिलांत येतो. पहिल्या आठवड्यांतच पिलाच्या ढुंगणाला पांढरें चिकट लागून तें मान टाकतें. घाण लागलेलीं अंडीं ठेवूं नयेत, कारण ती घाण कवचाच्या बारीक भोकांतून आंत जाते आणि पिलाची बेंबी पिकते. आणि बसविण्यापूर्वीं कोंबडीच्या अंगांत उवा-पिसवा आहेत कां, हें पिसें उलटून पाहावें. एकवीस दिवस ती जागची हलत नाहीं. त्या पिसवांना यापरतें सुख नाहीं, आणि पिलें निघालीं कीं त्या त्यांच्यावर चढतात.

घार, मुंगूस, मांजर यांच्याविषयीं मी कांहीं सांगत नाहीं. त्यांचा बंदोबस्त तुम्हांला माझ्यापेक्षां अधिक ठाऊक आहे, आणि बुरुडाचें डालगें हें त्यावरचें उत्तम औषध आहे.

आतां पाणी. पिलांना आणल्याबरोबर आधी पाणी, मग दाणा. पहिल्या दिवशीं उकळून कोमट केलेल्या पाण्यांत थोडा गूळ विरघळवून द्यावा. प्रवासानें थकलेल्या पिलाला त्यानें हुशारी येते. परंतु पाणी कशांत देतां? पुष्कळ घरीं जर्मनची खोल थाळी ठेवतात. पिलूं त्यांत पडतें, भिजतें, गारठतें आणि मरतें. आणि दोष जातो दृष्टीला. कुंभाराकडची मातीची परळ घ्या. हें गिरणगांवांतलें परळ नव्हे, मातीची पसरट परळ! तींत स्वच्छ खडे घाला, म्हणजे चोंच बुडेल पण पिलूं बुडणार नाहीं. याहून सोपें म्हणजे पत्र्याच्या डब्याला कांठापाशीं एक भोंक पाडावें, डबा पाण्यानें भरावा आणि थाळींत उलटा ठेवावा. भोंक थाळीच्या कांठापेक्षां खालीं असलें म्हणजे पाणी लागेल तसें थाळींत उतरतें, सांडत नाहीं, आणि पिलांना त्यांत उभें राहून हगतां येत नाहीं. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची.

कारण पिलांचा दुसरा मोठा काळ विष्ठेंतून येतो. तीन ते सहा आठवड्यांच्या पिलांना रक्ताची हगवण लागते, पिसें फुगवून तीं एका जागीं बसतात, तुरा पांढरा पडतो आणि दोन दिवसांत खेळ आटोपतो. आमच्याकडे याला उष्णता म्हणतात आणि कांदा चारतात. ही उष्णता नव्हे. कॉक्सिडिया नांवाचे अतिसूक्ष्म जीव पिलाच्या आंतड्याचा अस्तर फोडतात, तें रक्त होय. या जिवाचीं अंडीं म्हणा, बीं म्हणा, विष्ठेंतून बाहेर पडतें. बाहेर पडतें तेव्हां तें कच्चें असतें. त्यापासून अपाय नाहीं. ओल, ऊब आणि हवा मिळाली कीं एक-दोन दिवसांत तें पिकतें, आणि मग जें पिलूं तें टिपील त्याच्या पोटांत उगवतें. शेतकऱ्याला हें दोनदां सांगावें लागूं नये. बियाण्याला ओल मिळाली नाहीं तर तें उगवतें काय? खुराडें कोरडें ठेवणें म्हणजे या पिकाचा पाऊस तोडणें.

यासाठीं रोज सकाळीं तूस हातानें वर-खालीं करावें. पाण्याच्या भांड्याभोंवतालचें ओलें तूस काढून कोरडें घालावें. पावसाळ्यांत मधून मधून त्यांत थोडा विरलेला चुना मिसळावा. खुराड्यांत शिरल्यावर डोळ्यांना झोंबणारा वास आला तर तें ओल वाढल्याचें चिन्ह समजावें. ज्या हवेंत तुमचे डोळे चुरचुरतात तींत पिलें बोटभर उंचीवर अहोरात्र श्वास घेतात. लहान पिलें आणि मोठ्या कोंबड्या एकत्र कोंडूं नयेत. मोठ्या कोंबडीला हा जीव फारसा बाधत नाहीं, पण तिच्या विष्ठेंतून तो पिलांना मिळतो. नुसतें फिनेल शिंपडून समाधान मानूं नये, कारण हें बीं फिनेलाला जुमानत नाहीं. रिकाम्या खुराड्यांत उकळतें पाणी ओतून तें कडक उन्हांत वाळवावें. रोग लागलाच तर त्यावर अँप्रोलियम नांवाचें औषध पाण्यांतून देतात. तें डॉक्टरला विचारून, त्यानें सांगितलेल्या मापानें आणि सांगितलेले दिवस द्यावें. दुकानदार देईल ती रंगीत पूड चिमूटचिमूट टाकणें हा शुद्ध वेडेपणा आहे. त्यानें पैसा जातो, रोगाचे जंतू औषधाला सरावतात आणि तें औषध अंड्यांतून आपल्याच मुलांच्या पोटांत येतें.

खाण्याविषयीं एक गोष्ट सांगतों. जावा बेटांत बटाव्हिया, म्हणजे आजचें जाकार्ता, या शहरीं आयकमन नांवाचा डच डॉक्टर होता. पायांतलें बळ जाणाऱ्या बेरीबेरी नांवाच्या रोगाचा तो शोध करीत होता. १८९० च्या सुमारास त्याच्या प्रयोगाच्या कोंबड्या एकाएकीं लंगडूं लागल्या, पडूं लागल्या. आणि कांहीं महिन्यांनीं तशाच एकाएकीं बऱ्या झाल्या. चौकशी करतां असें निघालें कीं, मध्यंतरीं त्या कोंबड्यांना लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरांतला उरलेला पांढरा शुभ्र भात घालीत असत. पुढें नवा आचारी आला आणि त्यानें लष्करी तांदूळ बिनलष्करी कोंबड्यांना देण्याचें नाकारलें! मग त्यांना साधा, कोंडा असलेला तांदूळ मिळूं लागला आणि त्या उभ्या राहिल्या. त्या आचाऱ्याच्या हट्टांतून आयकमन कोंड्यापर्यंत पोंचला, आणि १९२९ सालीं त्याला नोबेल पारितोषिक मिळालें. कोंड्यांतल्या त्या द्रव्याला आज आपण ब जीवनसत्त्व म्हणतों.

ही गोष्ट येथें सांगण्याचें कारण, कोंकणांत पिलांना गिरणींतली पांढरी कणी तेवढी घालतात. कणीनें पोट भरतें, पाय भरत नाहींत. पहिले आठ आठवडे बाजारांतलें पिलांचें तयार खाद्य परवडत असेल तर तें द्यावें. परवडत नसेल तर मक्याची किंवा नाचणीची भरड, तांदळाचा ताजा कोंडा, थोडी पेंड, बारीक कुटलेली सुकट आणि चिरलेला हिरवा पाला यांची मिसळ करावी. वाळवी तर फुकट आहे. मडक्यांत ओलें गवत व शेण भरून तें वारुळापाशीं पालथें घालून ठेवलें कीं सकाळपर्यंत वाळवी भरते. पिलें त्यावर तुटून पडतात, आणि पेंडीचा खर्च वांचतो.

मात्र बुरशी आलेला दाणा, “माणसाला नको, कोंबडीला घाल,” असें म्हणून टाकूं नका. १९६० सालीं इंग्लंडांत सुमारें एक लाख टर्कीचीं पिलें पटापट मेलीं; रोग कळेना. अखेर दोष निघाला बुरशी आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीचा. तें विष यकृतावर जातें. पावसाळ्यांत कोंदटलेली पेंड आणि मका आपल्या घरोघर असतो. बुरशीचें तूस खालीं घातलें तर ती बुरशी श्वासावाटे फुप्फुसांत शिरते आणि पिलें चोंच वासून मरतात.

आतां मानमोडीकडे येतों. ऊब, कोरडेपणा, पाणी, दाणा, सर्व नीट केलें, पिलें हाताएवढीं झालीं, आणि मग एका आठवड्यांत वाडीच्या वाडी साफ झाली, असें करणारा रोग हा. चोंच उघडून घरघर, हिरवट पातळ हगवण, पंख लोंबणें, आणि शेवटीं मान पिळवटून मागें जाणें. याला इंग्रजींत न्यूकॅसल म्हणतात, कारण इंग्लंडांत त्या शहरीं तो १९२६ सालीं ओळखला गेला. आपल्या देशांत कुमाऊंच्या डोंगरांतल्या राणीखेतला सांपडला म्हणून राणीखेत नांव पडलें. हा विषाणूचा रोग. एकदां लागल्यावर यावर औषध नाहीं. भगताकडे नाहीं, परळच्या महाविद्यालयांत नाहीं, कोठेंच नाहीं. जें आहे तें आधी: लस.

लशीचें नांव काढलें कीं बाया म्हणतात, “सुई टोंचली कीं पिलूं मरतें.” ही भीति नवी नाहीं. याच मुंबईंत प्लेगच्या दिवसांत हाफकिन साहेबानें लस काढली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःला टोंचून घेतली, तेव्हां लोक टोंचणाऱ्याला पाहून पळत. १८९९ पासून त्याची प्रयोगशाळा परळांत आहे. आणि त्याच्या आधी फ्रान्सांत पाश्चरनें प्रयोगशाळेंत तयार केलेल्या लशीचा मार्ग शोधला तो १८७९-८० सालीं कोंबड्यांवरच, त्यांच्या कॉलऱ्याच्या जंतूंवर काम करतांना. म्हणजे माणसानें जी विद्या कोंबडीपासून घेतली ती कोंबडीला परत द्यावयास आपण कां कू करतों. शिवाय पिलांच्या पहिल्या लशीला सुई नाहींच. पांचव्या ते सातव्या दिवशीं लासोटा नांवाच्या लशीचा एक थेंब डोळ्यांत किंवा नाकांत सोडावयाचा, इतकेंच. दोन आठवड्यांच्या सुमारास गंबोरो रोगाची. चौथ्या आठवड्यांत पुन्हां लासोटा. सहा ते आठ आठवड्यांत देवीची लस पंखाच्या पातळ कातडींत. आणि आठ आठवड्यांनंतर मानमोडीची मोठी लस, ती मात्र सुईनें. नेमका दिवस आपल्या भागाच्या डॉक्टरला विचारावा. आजारी पिलाला लस देऊं नये; ती बरें करण्यासाठीं नसते.

देवीचा रोग डांसांनींही पसरतो. तुऱ्यावर व डोळ्यांभोंवतीं फोड येतात, पिलाला दिसेनासें होतें आणि तें उपाशीं मरतें. देवी म्हणून हात जोडूं नका. खुराड्यामागचें डबकें बुजवा.

परंतु आपली खरी अडचण लशीच्या भीतीची नाहीं, कुपीची आहे. मी मुद्दाम येथवर आलों तो हें बोलण्यासाठीं. लशीची कुपी बहुधा शंभर मात्रांची किंवा त्याहून मोठी असते. पूड द्रवांत मिसळून कुपी तयार केली कीं ती तास-दोन तासांत संपवावी लागते, उरली ती फुकट. आणि घरोघर पिलें किती? कोठें आठ, कोठें पंधरा. मग एकटी बाई कुपी आणील कशी? आणली तर बर्फांतून आणावी लागते. उन्हांत तापलेली लस म्हणजे नुसतें पाणी. म्हणून ती आणीत नाहीं, आणि मर आली कीं एकाच्या खुराड्यांतून दुसऱ्याच्या खुराड्यांत ती फिरते. मर फिरतांना हें घर मराठ्याचें, हें कुणब्याचें, हें बौद्धाचें, हें सुताराचें, हें पाहत नाहीं. आपली कोंबडी बांधावरून सर्वांच्या अंगणांत जाते. आपण मात्र लशीसाठीं एका ओटीवर जमत नाहीं. वरच्या आळीनें लस टोंचली आणि खालच्या वाडीला वगळलें, तर रोग खालच्या वाडींत मुक्काम करून पुढच्या हंगामाला परत येतो.

याला तोड एकच. सर्व वाडीनें मिळून पिलें एकाच पंधरवड्यांत काढावीं, म्हणजे त्यांचीं वयें जुळतील. एक दिवस ठरवावा. पहाटे खुराडीं उघडण्यापूर्वीं पिलें डालग्यांत धरून शाळेच्या पडवींत आणावीं. एकानें तालुक्याच्या दवाखान्यांतून थर्मासांत बर्फ घालून कुपी आणावी. पुण्यास औंध येथें सरकारी संस्थेंत अशा लशी तयार होतात. दवाखान्यांत आगाऊ सांगून ठेवलें तर मिळण्याचा संभव अधिक. आमच्या शाळेंत सातवीचीं मुलें-मुलीच पिलें धरतात आणि मोजतात. डॉक्टर थेंब घालतो. अर्ध्या तासांत काम उरकतें आणि पोरें त्याच वहींत त्रैराशिकही शिकतात. पाण्यांतून लस द्यावयाची असेल तर ब्लिचिंग पावडर टाकलेलें नळाचें पाणी वापरूं नये. तें लशीला मारतें.

आणि तुम्हां मुंबईकरांना एक विनंति. गांवीं येतांना वाटेंतल्या बाजारांतून स्वस्त कोंबडी घेऊन ती सरळ घरच्या खुराड्यांत सोडूं नका. मर पुष्कळदां अशीच येते. नवी कोंबडी दोन-तीन आठवडे वेगळी बांधावी, दाणापाणीही वेगळें.

मेलेलें पिलूं ओढ्यांत किंवा उकिरड्यावर टाकूं नये. कुत्रीं-कावळे तें घरोघर वाटतात. खोल खड्ड्यांत चुना घालून पुरावें. एकाएकीं पुष्कळ कोंबड्या, किंवा गांवांतले कावळेही मरूं लागले, तर हात न लावतां १९६२ या क्रमांकावर किंवा दवाखान्यांत कळवावें. बर्ड फ्लू आपल्या देशांत प्रथम फेब्रुवारी २००६ मध्यें नंदुरबार जिल्ह्यांत नवापूर येथें आढळला आणि लाखों कोंबड्या माराव्या लागल्या. २०२१ च्या जानेवारींत परभणी जिल्ह्यांत मुरुंब्याला आला. २०२५ च्या जानेवारींत तर येथून जवळच, उरण तालुक्यांत चिरनेरला आला. कळविलें तर सरकार कोंबड्या मारील म्हणून लोक लपवितात. मानमोडी कीं बर्ड फ्लू हें आपल्याला नुसत्या डोळ्यांनीं ओळखतां येत नाहीं. आणि दुसरा रोग माणसालाही लागूं शकतो, तेव्हां लपविणारा प्रथम आपल्याच पोरांना धोक्यांत घालतो.

जातां जातां चाळींतल्या मुलांसाठीं. गुलाबी, हिरवीं, जांभळीं रंगविलेलीं पिलें रस्त्यावर पांच-दहा रुपयांना विकतात, तीं तुम्ही हट्टानें घेतां. तीं अंड्यांच्या जातीचे नर असतात; अंडीं देणार नाहींत म्हणून उबवणी केंद्राला नकोसे झालेले. रंगांत भिजवून थंडींत उभीं केलेलीं तीं पिलें तुमच्या हातांत येतात तेव्हांच अर्धीं मेलेलीं असतात, म्हणून तीं घेऊं नका. एखादें घरांत आलेंच असेल तर त्याला खोक्यांत पिवळा दिवा लावा, परळींत खडे घालून पाणी द्या, आणि त्याला सारखें हातांत घेऊं नका.

पुढच्या महिन्यांत गांवीं जाणाऱ्यांपैकीं ज्यांच्याकडे चांगला, मोठ्या तोंडाचा थर्मास असेल त्यांनीं मला बैठक संपल्यावर भेटावें. आमच्या वाडीला दोन लागतील, आणि खालच्या वाडीला एक.